कोरणी कोणाच्या हातात?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. तेव्हापासून त्या काळ्या बांधवांचे दुःख आम्हांला परके नाही. म्हणूनच त्यांचे चेहरे त्या काळी कसे छापले जात, हे वाचून आम्ही विचारात पडलो.

तेव्हा फोटो निघत असे, पण वर्तमानपत्रात तो थेट छापता येत नसे. त्यासाठी ठसा लागे. बॉक्सवुड नावाच्या झाडाचे कठीण लाकूड आडवे कापून गुळगुळीत ठोकळा करीत. त्यावर फोटोवरून चित्र उतरवीत आणि कारागीर ते पोलादी कोरणीने कोरी. कोरलेली रेघ कागदावर पांढरी राही, उरलेल्या लाकडाला शाई लागे. ठोकळा शिशाच्या खिळ्यांच्या उंचीचा असे, त्यामुळे मजकूर आणि चित्र एकदमच छापले जाई.

४ जुलै १८६३ च्या 'हार्पर्स वीकली'त गॉर्डन नावाच्या, गुलामीतून पळून आलेल्या माणसाची पाठ अशीच छापली गेली. चाबकाच्या वळांचे ते जाळे घरोघरी पोचले.

पण कोरणी ज्याच्या हातात, नजरही त्याचीच. ओठ किती जाड, मान किती झुकलेली, हे तो ठरवी. फ्रेडरिक डग्लस जन्माने गुलाम. पुढे मोठे वक्ते आणि संपादक झाले. गोऱ्या चित्रकारांकडून काळ्यांना निःपक्षपाती चित्र मिळणार नाही, असे त्यांनी १८४९ साली आपल्या पत्रात स्पष्ट लिहिले. एका पुस्तकात त्यांचा चेहरा गोड, प्रेमळ करून छापला होता, तेही त्यांना पटले नाही. ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा फोटो काढून घेत राहिले. नीटनेटका कोट, ताठ मान, करारी नजर. २४ नोव्हेंबर १८८३ रोजी त्याच 'हार्पर्स वीकली'च्या पहिल्या पानावर त्यांचा चेहरा छापून आला.

हे वाचताना बाबासाहेबांच्या सुटाबुटाला नावे ठेवणारे आम्हांला आठवले. त्या कोटाचे मोल त्यांना कसे कळावे? आपली चित्रे बहुधा दुसऱ्यांनीच काढली, आणि त्यांत आपण वाकलेले, केविलवाणे.

तेव्हा माता-भगिनींनो, बांधवांनो, घरातले लेकरू वहीच्या मागच्या पानावर चेहरे काढत असेल तर त्याच्यावर रागावू नका. पेन्सील द्या, रंग द्या. आणि सांगा, आधी आपल्या आजीचे चित्र काढ. जशी आहे तशी.