टस्करांची बाजू

२०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची नात दोन प्रहरीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा संगणकावरील खेळ खेळत बसे. एके दिवशीं ती आम्हांस म्हणाली, "आजोबा, यांत टस्कर होतां येत नाहीं. हा अन्याय नव्हे का?"

टस्कर म्हणजे थंड समुद्राकांठचे, वॉलरससारखे सुळेदार कोळी. २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' या भागांत त्यांच्या वसाहती आल्या. २०२२ च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्यें तर त्यांच्या गांवीं सार्वजनिक सूप शिजतें व खेळाडू त्यास हातभार लावतात. मात्र खेळाडूस त्यांचें रूप तेथेंही मिळालें नाहीं. २००४ सालीं खेळ निघाला तेव्हां आठ वंशांचीं रूपें होतीं. पुढें भर पडली. २००२ सालीं एप्रिलफुलची थट्टा म्हणून गाजलेल्या पांडारेनांसही २०१२ सालीं मान मिळाला.

आमचें मत प्रतिकूल पडलें. अमरकोशांत दहा देवयोनि सांगितल्या आहेत. त्यांतील गुह्यकास नायक करा, असा हट्ट कोणीं धरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिवाय नवा वंश म्हणजे प्रत्येक चिलखत नव्या देहावर बेतणें आलें. सुळ्यांवरून शिरस्त्राण कसें चढावें? आणि जाळें टाकून तलवार घेतलेल्या टस्कराचें टस्करपण तें काय उरलें? हें सारें आम्हीं बऱ्याच विद्वत्तेनें ऐकविलें. (निवृत्त मास्तरास श्रोता दुर्मिळ.)

"सुळे ट्रोलांनाही आहेत, आणि ते पहिल्यापासून खेळांत आहेत," ती म्हणाली. "टस्करांचीं कामें करायचीं, त्यांचें सूप ढवळायचें, पण त्यांच्यांतलें कोणी व्हायचें नाहीं. ते आपले नेहमी दुसऱ्याच्या गोष्टींत."

यावर आम्ही गप्प झालों. शाळेच्या संमेलनांत एका उंच मुलास आम्हीं लागोपाठ तीन वर्षें द्वारपाल केलें होतें. भाला धरून तो दोन-दोन घटका निश्चल उभा राही, त्याची आम्ही तारीफही करीत असूं. चौथ्या वर्षीं तो दाराशीं घुटमळला व म्हणाला, "गुरुजी, यंदा मला दोन वाक्यें द्या." पात्रें ठरलेलीं होतीं. आम्हीं "पुढच्या वर्षीं पाहूं" म्हटलें. पुढच्या वर्षीं त्याचें नांव पटावर नव्हतें.

ही हकीकत आम्हीं नातीस सांगितली नाहीं. टस्करांविरुद्धचें आमचें म्हणणें तेवढें मागें घेतलें, आणि तुझ्या टस्कराचें नांव काय ठेवशील, असें विचारलें. तें तिनें केव्हांच ठरवून ठेवलें होतें.