खिडकीतला प्रिंटर

पनवेलजवळच्या कोनला गिरणी कामगारांच्या इमारतींत माझं बरंच काम निघतं. म्हाडाच्या 2016 च्या सोडतीतली घरं, 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून केलेली. टेबलावरून हात लांब केला की खिडकीतला प्रिंटर हाताला लागतो. तरी फोन येतोच, "दादा, व्हीपीएन लावलं की प्रिंटर गायब!"

सुरुवातीला मी प्रिंटरलाच धारेवर धरायचो. ड्रायव्हर काढ, राउटर रिसेट कर. अशा दोन दुपारी वाया गेल्यावर कळलं, आधी लॅपटॉपला वाट विचारावी.

व्हीपीएन म्हणजे लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा बंद बोगदा, आमच्या शेजारून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेसारखा. एकदा वर चढलं की मधे वाटेल तिथे उतरायची सोय नाही. जुन्या हायवेला मात्र गावागावात फाटा. लॅपटॉपमधला वाटांचा तक्ता दोन्ही जाणतो, आणि त्याचा नियम सरळ आहे: जी वाट नेमकी, ती आधी. घरचा पत्ता 192.168.1 ने सुरू होत असेल तर माल घरातच, बाकी सगळा बोगद्यातून.

मग अडतं कुठे? कधी व्हीपीएनचं ॲपच घरचा फाटा बंद करतं. सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी दिली की काम होतं. कधी ऑफिसातही तेच आकडे असतात. 1996 च्या नियमाने हे पत्ते कुणीही आपापल्या घरात वापरावेत असे मोकळे ठेवलेत, त्यामुळे गल्लोगल्ली 192.168.1. तिथे मी घरच्या पत्त्यातला तो शेवटचा 1 बदलून 57 करतो. कधी नुसतं नाव हरवतं. प्रिंटर घरात हाक मारून शोधला जातो आणि ती हाक बोगद्यात विरते. अशा वेळी राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून द्यायचा आणि थेट पत्त्यावरच कागद पाठवायचा.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर मात्र मी हात आवरतो. फाटा त्यांनी मुद्दाम बुजवलेला असतो. घरातलं एखादं बाधित यंत्र त्यांच्या दारापर्यंत पोचू नये म्हणून. तो उकरणं माझं काम नव्हे.

परवा एका काकूंच्या मुलाला म्हटलं, तुझ्या आयटीवाल्यांना विचार, यूएसबी चालेल का. चालेल म्हणाले. पिशवीतून वायर काढली, जोडली, कागद सर्रकन बाहेर. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं?"

एवढंच होतं. पण कुठल्या घरात एवढंच करायचं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.