गव्हाच्या मैदानातून हुंडीच्या पेठेकडे

छत्तीस वर्षे बँकेची नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा डॉक्टरांनी नियमित चालण्याचा सल्ला दिला. गुडघ्यांना चालणे मानवेना, सायकल मात्र मानवली. त्यामुळे साठी उलटल्यावर मी पुन्हा सायकलस्वार झालो. बार्शीभोवतालच्या रस्त्यांवर पहाटे वीस-पंचवीस किलोमीटरचा सराव झाला होता. कन्या व जावई नोकरीनिमित्त माद्रिदला असतात. गेल्या जून महिन्यात त्यांच्याकडे गेलो असता जावयांनी विचारले, "बाबा, चार दिवस सायकलीवर आमचा गव्हाचा मुलूख पाहायचा का?" मी तत्काळ होकार दिला.

निघण्यापूर्वीचा एक प्रसंग येथेच सांगितला पाहिजे. मार्केट यार्डातील आमचे आडत दुकान आजोबांनी सुरू केलेले. मी बँकेत गेलो आणि थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, ते सांभाळले. त्यांची दोन्ही मुले पुण्यास स्थायिक झाली, तेव्हा दिवाळीपर्यंत दुकान बंद करण्याचे ठरले. अण्णा मला म्हणाले, "माळ्यावर जुन्या चोपड्या आहेत. रद्दीत घालणार आहे. तुला काही पाहिजे असेल तर आत्ताच सांग." मी म्हणालो, "धूळ आणि वाळवी घेऊन काय करू?" अण्णा काहीच बोलले नाहीत.

स्पेनच्या उत्तर-मध्य भागात समुद्रसपाटीपासून सातशे-आठशे मीटर उंचीवर एक विस्तीर्ण पठार आहे. त्यातील पालेन्सिया, वायादोलिद, लेओन व सामोरा या चार प्रांतांत पसरलेल्या भागास 'तिएर्रा दे काम्पोस', म्हणजे शेतांची भूमी, असे म्हणतात. नजर पोहोचेल तेथवर गहू आणि जव, मध्येच तांबड्या खसखशीच्या फुलांची रेघ, आणि दूरवर एखाद्या चर्चचा मनोरा. तो मनोरा दिसला म्हणजे गाव आले असे वाटते. प्रत्यक्षात तासभर पायडल मारले तरी तो तेथेच उभा असतो. आमच्या सोलापुरी माळरानाची आठवण यावी असाच हा मुलूख. एका शेतात माळढोकासारखे मोठे पक्षी डौलाने चालताना दिसले. ते माळढोकाच्याच कुळातील असून जगात त्यांची सर्वाधिक संख्या स्पेनमध्येच आहे. नान्नजच्या अभयारण्यात एका माळढोकासाठी दिवस दिवस डोळे लावून बसणारी माणसे मला आठवली.

आम्ही फ्रोमिस्ता या गावापासून आरंभ केला. येथील सान मार्तिन हे अकराव्या शतकातील चर्च पिवळसर दगडाचे, बेताच्या आकाराचे आणि अतिशय नेटके आहे. गावालगतच 'कास्तिया कालवा' आहे. या मैदानातील गहू उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्याकडे न्यावा, या हेतूने १७५३ मध्ये त्याचे खोदकाम सुरू झाले. मधल्या युद्धांनी व पैशांच्या टंचाईने काम रखडत गेले आणि १८४९ मध्ये २०७ किलोमीटर लांबीवर ते थांबले. डोंगर ओलांडून समुद्र गाठणे काही जमले नाही. फ्रोमिस्ता येथे एकाखाली एक असे चार दगडी हौद आहेत. त्यांची दारे उघडून-मिटून पाण्याची पातळी बदलत आणि धान्याच्या नावा पायरी-पायरीने खाली उतरवत. त्या नावा काठावरून खेचरे ओढीत. खेचरांची ती वाट आता सायकलींची वाट झाली आहे. शंभर वर्षे खपून केलेले हे काम पुरे होते न होते तोच रेल्वे आली आणि कालव्याची वाहतूक घटत गेली. कर्जप्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसास हे वाचून हळहळ वाटणारच. मात्र ते पाणी आजही शेतीस व गावांस उपयोगी पडते.

काठाने जाताना मातीच्या गोल, चौकोनी, कौलारू इमारती जागोजागी दिसत होत्या. आत कबुतरांसाठी शेकडो कोनाडे. मी आनंदाने जावयांस म्हणालो, "येथेही कबुतरखाने आहेत!" त्यांनी जरा थांबून सांगितले की, हे पक्षी पाळले जात ते मांसासाठी आणि खतासाठी. माझा आनंद मावळला. आता त्यांतील बहुतेक इमारती पडक्या झाल्या आहेत.

खाण्याच्या बाबतीत आमच्या वाचकांस उत्सुकता असणार. खाखरे, मेतकूट व लाडू घरूनच घेतले होते. या मुलखातील बारीक तपकिरी मसूर प्रसिद्ध आहे, परंतु खाणावळीत तो बहुधा मांस घालून शिजवितात. म्हणून मसुराचे पाकीट विकत घेऊन मुक्कामाच्या स्वयंपाकघरात आम्हीच आमटी केली. स्पॅनिश लोक रात्री नऊनंतर जेवतात, असे ऐकून मी चिंतेत होतो. पण जूनमध्ये तेथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. आठ वाजता लख्ख उन्हात आमचे जेवण उरकत असे, आणि शेजारचे लोक ती दुपारची न्याहारी समजत असावेत.

दुसऱ्या सायंकाळी कालव्याची एक शाखा जेथे संपते त्या मेदिना दे रिओसेको येथे पोहोचलो. धक्क्यावर जुनी पिठाची गिरणी जतन केली आहे. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लाकडी खांबांवर पुढे आलेले मजले आणि त्यांखाली सावलीत दुकाने. हुबेहूब आपल्याकडील जुनी पेठ. जत्रांच्या भरभराटीच्या काळात या गावास 'छोटी इंडिया' म्हणत. मात्र तेथे 'इंडिया' म्हणजे अमेरिकेची भूमी, जेथून चांदी येई.

तिसऱ्या दिवशी उरुएन्याकडे जाताना समोरून वारा सुटला. चढ नसतानाही चढावर असल्यासारखे श्रम होत होते. बाटल्यांतील पाणी संपले. एका गावात बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांनी स्वतः उठून पाण्याचा नळ दाखविला आणि मग बाकावर जागा करून दिली. जावई दुभाषी झाले. त्यांनी आमच्याकडील पिके विचारली; मी ज्वारी व तूर सांगितली. मग समोरच्या बंद इमारतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ही शाळा. माझ्या वेळी चाळीस मुले होती. आता गावात दोन मुले दिसतात, तीही सुटीत आली तर." त्यांचा मुलगा वायादोलिदला असतो. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. पावसाळी दिवसांत ते प्रत्येक घर उघडून कोठे गळते का हे पाहून येत. मला अण्णांच्या कमरेचा गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा आठवला.

उरुएन्या हे तटबंदीच्या आतील सुमारे दोनशे वस्तीचे गाव. तेही ओस पडू लागले होते. २००७ मध्ये त्यास स्पेनमधील पहिले 'पुस्तकांचे गाव' म्हणून घडविण्यात आले. एवढ्याशा गल्ल्यांतून जुन्या-नव्या पुस्तकांची अनेक दुकाने आहेत. तटावरून सूर्यास्ताच्या वेळी सारे मैदान पितळेच्या परातीसारखे दिसते.

चौथ्या दिवशी दुएरो नदीकाठचे तोर्देसियास लागले. ७ जून १४९४ रोजी येथे स्पेन व पोर्तुगाल यांनी अटलांटिक सागरावर एक रेषा कल्पून पलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. पूर्वेकडील भाग पोर्तुगालच्या वाट्यास आला आणि १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला. आपल्या किनाऱ्याचा असा करारनामा झाला, तेव्हा आपल्या बाजूचा साक्षीदार कोणीच नव्हता.

तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आमचे अंतिम ठिकाण, मेदिना देल काम्पो. विटांचा ला मोता किल्ला दुरूनच दिसतो. राणी इसाबेल १५०४ मध्ये याच गावात निवर्तली. पण माझे लक्ष होते ते विशाल चौकाकडे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत येथे मोठ्या व्यापारी जत्रा भरत. लोकर, कापड, मसाले यांचे व्यवहार होत आणि त्याहून मोठे व्यवहार कागदाचे होत. चौकालगतच्या सान आन्तोलिन चर्चला बाहेरच्या बाजूने एक सज्जा आहे. दुकान सोडून येणे व्यापाऱ्यांस शक्य नसे, म्हणून त्या सज्जातून चौकासाठी प्रार्थना होई. हे ऐकून आमच्या पेठेतील कोणता दुकानदार हसणार नाही?

येथील जत्रांच्या संग्रहालयात सिमोन रुइस या व्यापारी-सावकाराचे दप्तर आहे. १५९७ मध्ये तो वारला. पन्नास हजारांहून अधिक पत्रे आणि हजारो हुंड्या त्याच्या मागे उरल्या. काचेखाली एक हुंडी पाहिली आणि पाय तेथेच थबकले. हातभर कागदही नाही. माथ्यावर क्रुसाची खूण. आपल्या चोपडीवर 'श्री' असते तशी. पैसे देणारा, ते घेऊन हुंडी लिहिणारा, परगावी रक्कम चुकती करणारा व ती स्वीकारणारा, असे चार पक्ष. मुदत जत्रेपर्यंतची. चर्चने व्याजास बंदी केली होती, म्हणून व्याज चलनाच्या दरात मिसळलेले असे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टमधील विनिमयपत्राची (बिल ऑफ एक्स्चेंज) व्याख्या मी बँकेच्या परीक्षांसाठी पाठ केली होती. त्याचा हा पूर्वज माझ्या समोर होता. आणि आमच्या माळ्यावरही कदाचित असाच एखादा असेल, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

राजा फिलिप दुसरा याने १५७५ मध्ये सावकारांची देणी थांबविली, आणि या जत्रांचा ऱ्हास सुरू झाला. सिमोन रुइस निपुत्रिक होता. पुतण्याच्या हाती पेढी टिकली नाही. टिकले ते त्याने बांधविलेले रुग्णालय आणि त्याच्या आश्रयाने राहिलेले हे कागद. चारशे वर्षांपूर्वीच्या व्यापाराविषयी आज अभ्यासक जे जाणतात, त्यातील कितीतरी भाग या कागदांतून आलेला आहे. कोणीतरी ते रद्दीत घातले नाहीत, एवढीच त्यामागची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर अण्णांना फोन लावला. बार्शीत तेव्हा दुपारचे जेवण आटोपले होते. मी म्हणालो, "अण्णा, माझे चुकले. चोपड्या द्यायच्या नाहीत." अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, "रद्दीवाला दोनदा येऊन गेला. भाव पटला नाही म्हणून राहिल्या."

परत आल्यावर आम्ही दोघांनी माळा उतरविला. एक्केचाळीस चोपड्या निघाल्या. सात वाळवीने खाल्लेल्या. आजोबांच्या चोपड्या मोडी लिपीत आहेत, त्या वाचणारा जाणकार शोधतो आहोत. वडिलांच्या मात्र वाचता आल्या. १९७२ च्या दुष्काळातील पानांवर बारा-तेरा शेतकऱ्यांच्या खात्यांपुढे बाकीची रक्कम आहे आणि तिच्याखाली वडिलांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत, 'सोडून दिले'. त्यांनी हे आम्हांस कधी सांगितले नव्हते. अण्णांनी ते पान दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यांतल्या दोघांची मुले अजून माझ्याकडे माल घालतात."

दुकान दिवाळीला बंद झालेच. चोपड्या आता माझ्या घरी कपाटात, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवल्या आहेत. ज्या वाचकांच्या माळ्यावर असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी निदान एक सुटीचा दिवस काढून उघडून पाहावे, एवढीच विनंती.