पिशव्या किती झाल्या?

भोईवाड्यातल्या एका मंडळाच्या वर्धापनदिनाला गेल्या वर्षी मी पाहुणी होते. स्वयंसेवकांचे सत्कार माझ्या हस्ते झाले. रक्तदान शिबिराला सर्वांत जास्त दाते आणणारा, पंचविसाव्यांदा रक्त दिलेला, मंडप-लाइटचा खर्च उचललेला, अशी नावे निवेदकाने पुकारली. शाल, श्रीफळ, टाळ्या. खाली उतरल्यावर अध्यक्ष आनंदाने म्हणाले, "मॅडम, यंदा दोनशेच्या वर पिशव्या झाल्या!" मी मनापासून अभिनंदन केले. पण माझे लक्ष मागच्या रांगेत चहाचे कप गोळा करणाऱ्या काकूंकडे होते. त्यांचे नाव यादीत नव्हते. माझ्या हिशेबाने ते पहिले असायला हवे होते.

वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझी सगळी नोकरी परळच्या रक्तपेढीत गेली. भोईवाड्यातून कुठल्याही दिशेला थोडे चाला, रुग्णालय लागते. 1926 चे केईएम, त्याला लागून वाडियांची दोन, एक बाळंतिणींचे आणि एक मुलांचे. 1941 चे टाटा. पलीकडे कामगार विम्याचे गांधी रुग्णालय. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट अचानक उतरतात आणि त्याच दिवशी द्याव्या लागतात. ही गरज कॅलेंडर पाहून येत नाही.

शिबिरे मात्र कॅलेंडर पाहूनच होतात. 26 जानेवारी, शिवजयंती, नेत्यांचे वाढदिवस, 14 जून आणि 1 ऑक्टोबरचे रक्तदान दिन. त्या दिवसांत आमच्या फ्रीजमध्ये जागा उरत नाही. तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. मुदत संपलेली पिशवी नष्ट करावी लागते, आणि ती कुणाच्या तरी दंडातून आलेली असते हे माहीत असल्यामुळे ते काम करताना आजही माझा हात जड होतो. मग मे उजाडतो. कॉलेजे बंद, निम्मे लालबाग-परळ कोकणात, चाळीतल्या खोल्यांना कुलपे. फ्रीज रिकामा. दिवाळीतही हेच होते.

त्या मे महिन्यात मी काकूंना फोन करते. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. नाव, गट, शेवटचे रक्त कधी दिले, रात्रपाळी असते का, गावी कधी जाणार, सगळे त्यात लिहिलेले. पुरुषाने दोन रक्तदानांत तीन महिने आणि बाईने चार महिने अंतर ठेवायचे असते, ते त्या बोटांवर मोजतात. "उद्या सकाळी सहा जण पाठवते," म्हणतात आणि सहाच्या सहा येतात. स्वतः काकूंना मात्र आम्ही प्रत्येक शिबिरात परत पाठवले आहे. हिमोग्लोबिन साडेबारा लागते, त्यांचे अकराच्या वर जात नाही. आमच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे एकही पिशवी नाही.

पिशव्या मोजून सत्कार करण्यातला दोष इथे उघडा पडतो. रक्तदानाची शंभरी गाठलेल्याला आपण शतकवीर म्हणतो, आणि तो मान खरा आहे. वर्षाला चार वेळा दिले तरी त्याला पंचवीस वर्षे लागतात. बाईला वर्षाला तीनच वेळा देता येते. म्हणजे एकही वेळ न चुकवता तेहतीस-चौतीस वर्षे. त्यात बाळंतपणे, अंगावर पाजण्याचे दिवस आणि आपल्या घराघरातला रक्तक्षय. आकड्यांच्या शर्यतीत बाया मागे राहणारच.

आणखी एक दाता या मोजणीत कधीच बसत नाही. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परळमधून जगाला एक नवा रक्तगट दाखवला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ' दिसते, पण त्यात 'एच' हा प्रतिजन नसतो, त्यामुळे त्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक. या गटाच्या दात्याला आम्ही सांगतो की शिबिरात देऊ नका, थांबा. तो दोन-दोन वर्षे थांबतो, फोन नंबर बदलत नाही, आणि रात्री अकराला बोलावले तर निघतो. थांबणे हीच त्याची सेवा.

रक्तदानाची ही चळवळ मुंबईत फुकट उभी राहिलेली नाही. 1954 पासून लीलाताई मुळगावकरांनी लोकांच्या मनातली सुईची भीती घालवत ऐच्छिक रक्तदानाची सवय लावली. तरीही धंदेवाईक दाते रुग्णालयांच्या आसपास होतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकणे बंद झाले. म्हणूनच शिबिरात दात्याला मिक्सर, हेल्मेट, मोठ्या बॅगा वाटताना पाहिले की मी अस्वस्थ होते. वस्तूसाठी आलेला माणूस आपला आजार लपवू शकतो. बिस्किट, कॉफी, प्रमाणपत्र आणि दोन गोड शब्द पुरेत.

मंडळांच्या ताकदीवर माझा पूर्ण विश्वास आहे. 2020 मध्ये लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतले. शहर घरात कोंडलेले असताना ज्यांनी दाते जमवले, त्या कार्यकर्त्यांचे ऋण आम्ही रक्तपेढीवाले विसरणार नाही.

त्या वर्धापनदिनानंतर मी अध्यक्षांशी दोन तास बोलले. ऐकून घेतले त्यांनी. पुढच्या बैठकीला काकूंना वही घेऊन बोलावले आणि ती वही मंडळाच्या दप्तरात उतरवून घेतली. काकूंना शाल नको होती. वही पुढे कोण चालवणार एवढेच त्यांनी विचारले, आणि दोन मुली पुढे आल्या. इतक्या वर्षांत याहून चांगला सत्कार मी पाहिलेला नाही.

हा अंक वाचणाऱ्यांत मंडळाचे, क्लबचे, सोसायटीचे पदाधिकारी असतील. त्यांना माझी विनंती आहे. यंदा सत्काराची यादी करताना जवळच्या रक्तपेढीला फोन करा आणि विचारा, तुम्ही अडचणीत असता तेव्हा आमच्यापैकी कुणाला हाक मारता? ते नाव यादीत पहिले घ्या. आणि शिबिराची तारीख मे महिन्यातली धरा.