तांब्याची म्हणून घेतलेली स्प्रिंग



मागच्या पावसाळ्यात डाळिंबावर तेल्याची धास्ती होती. दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून सकाळीच बोर्डो कालवलं, एचटीपी चालू केला आणि प्रेशरचा काटा नाचायला लागला. पाइप हातात उड्या मारतोय, गनमधून कधी धुकं तर कधी नुसती पिचकारी. पंप खोलला. एका वॉल्व्हची स्प्रिंग तुटून दोन तुकडे, दुसरी बोटाने दाबली तर चुरा होईल इतकी खाल्लेली. कंपनीच्या स्प्रिंगा काढून बाजारातल्या साध्या पोलादी मीच टाकल्या होत्या, चूक माझीच. त्या दिवसाची फवारणी गेली आणि रात्री पाऊस आला. पुढच्या आठवड्यात खालच्या चार ओळींत फळांवर डाग.

आता ती स्प्रिंग का खाल्ली गेली, हे आपल्याला खरं तर माहीतच असतं. बोर्डो बरोबर झालं का बघायला आपण त्यात लोखंडी विळा नाहीतर खिळा बुडवतो. तांबडा थर चढला की समजायचं चुना कमी पडला, अजून निवळी घाला. तो तांबडा थर म्हणजे मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून पाण्यात जातं. विळा जाड, त्याला काय फरक पडत नाय. पण एक मिलिमीटर तारेची स्प्रिंग दर फवारणीला तीच परीक्षा देत असेल तर किती दिवस टिकणार? मी घाईत विळा न बुडवताच टाकी भरलेली, तीही दोन-तीनदा.

मग म्हणलं, तांब्याचीच स्प्रिंग टाकू. तांब्यावर तांबं काय करणार! सोमवारच्या बाजाराला एका दुकानात लालसर, चकचकीत स्प्रिंगा मिळाल्या. दुकानदार म्हणला, "काका, ब्राँझ आहे, पोरगा म्हातारा होईल पण ही जायची नाय." तीन फवारण्यांत गंज. जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावून बघितलं तर खाडकन चिकटलं. पोलादाला वरून तांब्याचं पाणी दिलेलं. खऱ्या फॉस्फर ब्राँझला चुंबक अजिबात चिकटत नाही. ते म्हणजे तांबं, त्यात पाच ते दहा टक्क्यांपर्यंत कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. नुसतं तांबं मऊ, दाबलं की दबून राहतं. कथलामुळे त्याला लवचीकपणा येतो.

मी हट्टाला पेटलो. भोसरीत पाव्हण्याच्या ओळखीने एका वर्कशॉपमधून खऱ्या फॉस्फर ब्राँझच्या स्प्रिंगा करून आणल्या. जुन्या स्प्रिंगेचंच माप, तीच तार, तेवढेच वेढे. पंपात बसवल्या तर प्रेशरच येईना. गंज नाही, तुटली नाही, पण वॉल्व्ह वेळेवर बसतच नव्हता, पाणी मागे पळत होतं. तिथल्या मिस्त्रीला फोन केला तर तो हसला. म्हणला, काका, सारख्याच मापात ब्राँझची स्प्रिंग पोलादाच्या निम्मीच ताठ असते. तार जाड करावी लागते. आणि तार थोडी जाड केली तरी फरक मोठा पडतो, एकची १.२ मिलिमीटर केली की ताठपणा दुप्पट. पण माझ्या वॉल्व्हच्या खोबणीत जाड तार नीट बसेना. शेवटी त्याने स्टेनलेसच्या दिल्या. स्टेनलेस पोलादापेक्षा दहा-बारा टक्केच नरम, तेवढं पंपाला चालतं, आणि मोरचुदाला ती दाद देत नाही.

इथे एक गंमत. या स्टेनलेसच्या स्प्रिंगेलाही चुंबक थोडं चिकटतं. मी परत भांडायला निघालो होतो! पण ३०४ ची तार थंड ओढून बारीक केली की तिच्यात थोडी ओढ येतेच, म्हणजे ती नकली नसते. चुंबकाने ब्राँझ ओळखा, स्टेनलेस ओळखायला जाऊ नका.

स्टेनलेसचा आपल्या भागातला दाखला म्हणजे खोडदची दुर्बीण. ४५ मीटरच्या ३० तबकड्या, आणि त्यांची जाळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा जाड स्टेनलेस तारेची. ऊन-पाऊस-वाऱ्यात किती वर्षं उभ्या आहेत बघा. पण स्टेनलेसलाही वैरी आहे, मिठाचं आम्ल. ड्रिपला अॅसिड देताना ते एनआरव्हीमधल्या स्प्रिंगेवरून जात असेल तर नंतर भरपूर साधं पाणी सोडा. ३१६ जातीत मॉलिब्डेनम असतं, ती जास्त दम धरते, पण आम्लात मुरवत ठेवली तर तीही जाते.

मग फॉस्फर ब्राँझ वाया गेलं का? नाही. त्याची जागा मोटारीच्या स्टार्टरमध्ये. तिथे स्प्रिंगपट्टीला दाबही धरायचा आणि वीजही न्यायची. तांब्याच्या साधारण १५ टक्के वीज त्यातून जाते, स्टेनलेसमधून दोन-तीन टक्केच. आमच्या शेजाऱ्याने तुटलेल्या पट्टीच्या जागी पत्र्याची पट्टी कापून बसवली. ती तापून ढिली पडली, एक फेज गेला, मोटार जळाली. बेरिलियम कॉपर याहून सरस म्हणतात, पण महाग, आणि घासताना त्याची धूळ छातीत गेली तर फार वाईट. त्याच्या नादी लागू नका.

पितळी नोझल आणि फिटिंगा गोठ्यात टांगू नका. इंग्रजांच्या काळात पलटणीची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की आपोआप तडकायची. कारण मुतातून निघणारा अमोनिया. फॉस्फर ब्राँझमध्ये जस्त नसतं म्हणून ते जास्त सोसतं, तरी युरिया, अमोनियाची खतं सोडल्यावर धुवायला विसरू नका.

कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगांना मात्र पोलादच पाहिजे, तिथे दुसरं काही नको. फक्त तुटली तर वेल्डिंग मारू नका, तापलेल्या जागेचं पाणी उतरतं आणि ती वेल्डच्या शेजारीच परत तुटते. कमानपाट्याचा कोयता करताना लोहार शेवटी पाणी का देतो, त्याला विचारा.

नव्या स्टेनलेस स्प्रिंगांवर आतापर्यंत नऊ फवारण्या झाल्या. भोसरीच्या ब्राँझच्या तीन माझ्याकडे पडून आहेत, कुणाच्या पंपाची खोबण मोठी असेल तर घेऊन जा. पुढच्या वेळी पंप खोलला की फोटो टाकतो.