हलव्याला काटा येतो तेव्हा

मुलांनो, घरी चॉकलेट करता येतं हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चॉकलेटची लादी आणायची, तुकडे करून एका भांड्यात घालायचे, ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचं आणि वितळलं की साच्यात ओतायचं. एवढंच सांभाळायचं, की आत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. गेला, की सगळं चॉकलेट घट्ट आणि दाणेदार होऊन बसतं. मजेचं काम आहे, जरूर करा. पण मला आज सांगायचंय ते तासाभरात न होणाऱ्या खाऊबद्दल, म्हणजे संक्रांतीच्या काटेरी हलव्याबद्दल.

मी सातवीत होतो. ताईच्या मुलीचं पहिलं बोरन्हाण आमच्या घरी व्हायचं होतं. बोरन्हाणात बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात. (हल्ली त्यात चॉकलेटं आणि गोळ्याही असतात. मुलांची झुंबड उडते ती त्यांच्यावरच!) आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचे दागिने आजीच्या हातच्या हलव्याचे. पण त्या वर्षी तिची बोटं संधिवाताने आखडली होती. बाबा म्हणाले, "आई, विकत मिळतो की हलवा. उगाच कशाला त्रास?"

आजी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, "नखं कापलीयस का रे?"

झालं! दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच शेगडी पेटली. निखाऱ्यांवर राख पसरून धग मंद केलेली, वर परात, परातीत मूठभर तीळ. शेजारी साखरेचा पाक. त्यात चमचाभर दूध घालून आजीने मळी वर आणली आणि काढून टाकली होती, कारण हलवा पांढराशुभ्र व्हायला हवा. पाकाचे चारच थेंब तिळावर टाकायचे आणि कोरडे होईपर्यंत बोटांनी फिरवायचे. मग पुन्हा चार थेंब.

"चमच्याने नाही रे ढवळायचं. बोटांनी. बाळाला तेल लावतात ना, तितकं हलकं."

पाक जास्त पडला तर तीळ एकमेकांना चिकटून गोळा होतो. धग वाढली तर साखर पिवळी पडते. परात तापते, बोटांची टोकं हुळहुळतात. दोन तास झाले तरी तीळ आपले नुसते पांढुरके! काट्याचा पत्ता नाही. तेवढ्यात मित्र क्रिकेटला बोलवायला आले आणि मला बघून म्हणाले, "काय रे, भातुकली मांडलीयस?" माझे कान लाल झाले. आजी म्हणाली, "जायचं तर जा हो तू." पण मी गेलो नाही. तिने बोलता बोलता थेंब टाकायला चमचा उचलला होता आणि तो तिच्या हातात नीट धरला जात नव्हता.

सोमवारी आभाळ आलं. दमट हवेत पाक वाळेचना. आजीने परात फडक्याने झाकून ठेवली. मंगळवारी पुन्हा कडाक्याची थंडी पडली. शाळेआधी दीड तास, शाळेनंतर तीन तास बसलो. दिवेलागणीला आजी एकदम म्हणाली, "थांब." तिने एक दाणा उचलून ओठावरून फिरवला आणि मग माझ्या ओठाला लावला. टोचला!

हे काटे येतात कुठून, ते मला पुढे कॉलेजात कळलं. साध्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात जवळजवळ ४९०. पाकातलं पाणी उडून जाऊ लागलं, की इतकी साखर विरघळून राहू शकत नाही. ती स्फटिक होऊन बाहेर पडते आणि तिळावर बसते. असे थरावर थर चढत जातात आणि त्यांचे उंचवटे वाढत वाढत काटे होतात. लिमलेटच्या गोळीचं मात्र अगदी उलटं. तिथे पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि भरभर थंड करतात. साखरेला स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही, म्हणून गोळी काचेसारखी गुळगुळीत! घरी करताना पाकात लिंबाचे दोन थेंब पिळतात तेही त्यासाठीच. आंबटपणामुळे थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ते स्फटिकांना जमू देत नाही. साखर तीच, पण एकीकडे काटा हवा म्हणून तीन दिवस बसायचं आणि दुसरीकडे नको म्हणून घाई करायची. (हा गोळीचा पाक उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट भाजतो बरं का. मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.)

दागिने आईने आणि ताईने केले. काळ्या कापडावर दोऱ्याने एकेक दाणा बसवत हार, बाजूबंद, मुकुट. सगळ्यांना पुरेल एवढा हलवा काही माझ्याच्याने झाला नाही. मुकुटाचा हलवा बाजारचा होता, हार मात्र आमचा. बोरन्हाणाच्या दिवशी भाचीने तो गळ्यात पडल्या पडल्या दोन्ही हातांनी धरला आणि सरळ चोखायलाच लागली. ताई ओढून घ्यायला धावली, तर आजी म्हणाली, "असू दे गं. खाऊच आहे तो."