चार इंचांची माघार

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत गौरवगीताला सुरुवात झाली की आमच्या वसईच्या चर्चमध्ये सारे दिवे एकदम उजळतात, वेदीजवळच्या घंटा वाजू लागतात आणि गायकवृंदातील आम्हा वादकांना अंगात बळ संचारल्यासारखे होते. २०२२ सालच्या नाताळात नेमक्या त्याच क्षणी माझ्या डाव्या हाताची करंगळी तारेवर बसली ती उठेचना. शेजारचे बोटही तिच्या मदतीला गेले नाही. गीताच्या दोन ओळी बेस गिटारविनाच पार पडल्या. भाविकांपैकी कोणाच्या ते ध्यानात आले असेल असे वाटत नाही. की-बोर्ड वाजविणाऱ्या मुलीने मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि लगेच, मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, नजर फिरविली. तिचे ते नजर फिरविणेच मला अधिक लागले.

मिस्सा संपल्यावर लोक एकमेकांना शुभेच्छा देत होते, प्रांगणात केक वाटला जात होता आणि मी वाद्याच्या पेटीची कडी लावण्याची खटपट करीत होतो. अंगठ्यात तेवढाही जोर उरला नव्हता.

बेस गिटार मी १९७९ सालापासून वाजवितो आहे. त्या काळी चर्चमध्ये गिटार आणणे हे काही सर्वांनाच रुचत नसे. जुन्या मंडळींचेही सर्वस्वी चुकत होते असे नाही. पोप दहावे पायस यांच्या १९०३ सालच्या आदेशाने चर्चमध्ये पियानोला आणि ढोल, झांजा यांसारख्या गोंगाटी वाद्यांना मज्जाव केला होता, आणि ती शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेसंबंधीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पाइप ऑर्गनचा मान अबाधित ठेवून, उपासनेला साजतील अशा अन्य वाद्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी करून दिली. त्या वाटेने माझ्यासारखा, लग्नाच्या बँडमध्ये हात तयार झालेला तरुण वेदीच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. तिथेच उभे राहून केस पिकले.

नाताळनंतरच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर आलेल्या टणक गाठी दाबून पाहिल्या. विल्यम हेबर्डेन नावाच्या अठराव्या शतकातील इंग्रज वैद्याच्या नावाने त्या ओळखल्या जातात, हे त्यांनी मला अशा काही उत्साहाने सांगितले, जणू काही ही मला मिळालेली पदवीच होती! अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधाही झिजला होता. हा आमवात नव्हे, झिजेचा संधिवात आहे; हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत कूर्चेचे अस्तर एकदा गेले की ते परत येत नाही; मात्र म्हणून हात बांधून ठेवायचा नाही, तो चालता राहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. "बोटं हलवा, पण दाबू नका," ते म्हणाले. बेस गिटार वाजविणाऱ्या माणसाला हा सल्ला म्हणजे पोहा, पण पाण्यात उतरू नका असे सांगण्यासारखा होता.

कारण या वाद्यात दाबणे हेच मुख्य काम. सर्वसाधारण बेस गिटारमध्ये तारेचा वाजणारा भाग, म्हणजे घोडीपासून मानेच्या टोकाच्या पट्टीपर्यंतचे अंतर, ३४ इंच असते. चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो. पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर पाच इंचांहून थोडे अधिक भरते, आणि तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेका पडद्यावर एकेक बोट ठेवण्याची आमची पद्धत. तरुणपणी पंजा सहज पसरतो. साठी ओलांडल्यावर, सांध्यांत गाठी घेऊन, थंडीच्या मध्यरात्री तो पसरत नाही.

आखूड मानेची, ३० इंची बेस गिटारही मिळते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही वादक तिला 'पोरांची गिटार' म्हणत असू. मी स्वतः अनेकदा म्हटले आहे. माझ्याकडे शिकायला येणारा एक तरुण मला म्हणाला, "अंकल, पॉल मॅकार्टनीसुद्धा आखूड वाजवत आला." खरे होते ते. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली त्याची व्हायोलिनच्या आकाराची होफ्नर ३० इंचीच. १९७२ साली ती चोरीला गेली आणि तब्बल अर्ध्या शतकानंतर सापडून त्याच्या हाती परत आली, ही बातमी २०२४ साली जगभर झाली. पण तरुणाने मला हे सुनावले तेव्हा ती अजून सापडायची होती, आणि माझे डोकेही ठिकाणावर यायचे होते. मी त्याला म्हटले, "तो मॅकार्टनी आहे. मी आखूड घेतली तर लोक म्हणतील, म्हातारा झाला." त्यावर तो गप्प बसला. त्याच्या मौनाचा अर्थ उघड होता.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग मी घरीच करून पाहिला, आणि ज्यांचे सांधे कुरकुरू लागले आहेत अशा वादक-वाचकांना तो सांगितल्यावाचून राहवत नाही. चारही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे साऱ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा. मोकळ्या तारांचे स्वर पूर्ववत येतात, पण वाजणारी लांबी ३४ वरून जवळजवळ ३० इंचांवर येते आणि ताण एक-पंचमांशाने घटतो. आखूड वाद्य हाताला कसे लागेल याचा अंदाज असा फुकटात घेता येतो. पहिल्या संध्याकाळी मी वीस मिनिटे वाजविले आणि बोटे गरम पाण्यात न बुडविताच जेवायला बसलो.

प्रयोग करून पाहिला तरी मन मानत नव्हते. नेमके किती अंतर वाचते हे मला आकड्यांत हवे होते. (मी सेवानिवृत्त कारकून आहे, कागदावर आल्याखेरीज कोणतीही गोष्ट मला खरी वाटत नाही.) म्हणून मोजपट्टी घेतली आणि पत्नीला तिचे एक टोक मानेच्या टोकाशी धरायला सांगितले. टोक सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा सुटले तेव्हा मी चिडून म्हणालो, "अगं, नीट धर ना! एवढंसं काम!"

ती काहीच बोलली नाही. पट्टी धरलेला हात तिने दुसऱ्या हाताने आवळून धरला, आणि तेव्हा प्रथमच माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. त्याच गाठी. माझ्याहून मोठ्या, माझ्याहून जुन्या. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यासारखा उंचवटा. दोन महिने रोज रात्री हीच बोटे माझ्या हाताला मलम चोळीत होती.

"केव्हापासून?" मी विचारले.

"सात-आठ वर्षं झाली असतील."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही तार लावत होता."

अशा जागी लेखक मंडळी 'त्या क्षणी माझे डोळे उघडले' असे लिहितात. मला तसे लिहिता येत नाही. मी ओशाळलो हे खरे, पण मोजमाप तेवढ्यावर थांबविले नाही. पट्टीचे टोक चिकटपट्टीने चिकटविले आणि आकडे लिहून घेतले. पहिला ते चौथा पडदा: ३४ इंची वाद्यावर सुमारे १३० मिलिमीटर, ३० इंचीवर ११४ ते ११५. पंधरा मिलिमीटरची बचत. त्या रात्री झोपताना माझ्या मनात तो आकडा होता, तिची बोटे नव्हती. हे लिहायला लाज वाटते, पण झाले ते असे.

उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी धोबीतलावला जाऊन मी एक वापरलेली ३० इंची गिटार आणली. मग तिला हातासारखी करून घेण्यात महिना गेला. तारांवर नायलॉनचे वेष्टन असलेला संच बसविला. त्या गुळगुळीत असतात, बोटाच्या टोकाला खरवडत नाहीत, पण जाड असतात, म्हणून मानेच्या टोकाच्या पट्टीतील खाचा बारीक कानशीने रुंद कराव्या लागल्या. मानेच्या आतली पोलादी सळई किंचित फिरवून आणि घोडी खाली घेऊन तारा पडद्यांच्या अगदी जवळ आणल्या. मानेच्या पाठीवरचे चिकट पॉलिश आमच्या आळीतल्या सुताराने बारीक काचपेपरने घासून मऊ केले. माझे जुने वाद्य चार किलोंहून जड होते. हे एक किलोने हलके निघाले. त्याला चार बोटे रुंद पट्टा शिवून घेतला.

हात बदलणे त्याहून कठीण. बोट पडद्याला अगदी खेटून ठेवले तर सर्वांत कमी जोर लागतो, हे मी शिकणाऱ्यांना चाळीस वर्षे सांगत आलो आणि स्वतः मात्र मधोमध दाबीत राहिलो होतो. अंगठ्याने मागून चिमटा घ्यायचा नाही, कोपराच्या वजनाने बोटे तारेवर लोंबकळू द्यायची. उजव्या हाताने हलके छेडायचे आणि आवाज हवा असेल तर अँप्लिफायरची कळ फिरवायची. तिला सांधे नसतात. करंगळीचा प्रश्न सुटला तो मोठ्या, उभ्या डबल बेसच्या जुन्या पद्धतीने. फ्रान्झ सिमांडल (१८४०–१९१२) या वादकाच्या शिक्षणक्रमात खालच्या स्वरांसाठी तर्जनी, मध्यमा आणि करंगळी एवढ्यांचाच वापर असतो. अनामिका करंगळीला साथ देत तिच्यासोबत दाबते. दोन दुबळी बोटे मिळून एक काम करतात. पट्ट्यात चारऐवजी तीनच पडदे येतात, म्हणून हात थोडा अधिक सरकवावा लागतो. पण सरकण्याने सांधा दुखत नाही, ताणण्याने दुखतो. आणि जिथे मोकळी तार वाजविता येते तिथे ती वाजवावी. तरुणपणी मोकळी तार मला आळशाची वाटे.

उणेही सांगतो. सर्वांत जाड तार, सेकंदाला ४१ कंपनांची, आखूड वाद्यावर थोडी सैल पडते. जुन्या वाद्याचा तो जमिनीत खुंटी ठोकल्यासारखा ठसका तिला नाही. मला तो फरक ऐकू येतो. अजूनही येतो.

उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवायची असा नियम आहे, आणि पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर तर आमच्याकडे ती पेटीतच जातात. त्या रिकाम्या दिवसांत मी प्रायश्चित्त संस्काराची तयारी करीत बसलो आणि मोजपट्टीचा प्रसंग पुन्हा वर आला. काय सांगावे ते कळेना. कोणती आज्ञा मोडली? मी तिला मारले नव्हते, फसविले नव्हते. केवळ आठ वर्षे पाहिले नव्हते. पंधरा मिलिमीटरांसाठी मी महिनाभर झटलो, आणि स्वयंपाकघरातला गोल मुठीचा नळ ती रोज दोन्ही हातांनी पिरगळते हे मला माहीतही नव्हते. फादरांना मी हे जमेल तसे सांगितले. त्यांनी काय म्हटले ते त्यांच्या-माझ्यातच राहू दे.

पास्काच्या जागरणविधीत गौरवगीताला घंटा वाजल्या आणि मी नव्या गिटारवर हात ठेवला. एकही स्वर सुटला नाही. की-बोर्डवाल्या मुलीने मान वळविली नाही.

पास्कानंतरच्या आठवड्यात त्याच सुताराला मी पुन्हा बोलाविले, या वेळी स्वयंपाकघरासाठी. नळाला लांब दांडी बसविली. ती आता मनगटाने ढकलली तरी पाणी येते. सुऱ्यांच्या मुठींवर सायकलच्या हँडलचे रबर चढविले. डब्यांची झाकणे उघडायला जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. उत्साहाच्या भरात मी नारळ खवण्याचे, टेबलाला बसविण्याचे दांडीचे यंत्रही घेऊन आलो. ते तिने दोन दिवस वापरले आणि धुऊन माळ्यावर ठेवले. "खोबरं तुटतं त्यात, खवलं जात नाही," ती म्हणाली. चार इंचांच्या ठसक्यासाठी हळहळणाऱ्या माणसाला यावर वाद घालता येईना.

मग सुताराने जुनी विळीच एका उंच चौरंगावर बसवून दिली, म्हणजे खाली बसावे लागत नाही. नारळाची एक वाटी ती खवते, दुसरी मी. माझी करवंटी अजूनही कडेला पांढरी राहते आणि ती ती मुकाट्याने पुन्हा खवून घेते. रविवारी मिस्सेपूर्वी मात्र ती मला विळीला हात लावू देत नाही.